ऑक्सिजन सेन्सरची ‘सफाई’: साडेआठशे रुपयांच्या एका सेवेचा अनुभव

माझी मोटरसायकल २०२१ सालची, एक सिलिंडरची, प्रदूषणाच्या बीएस-६ प्रमाणकाची आहे. सातारा ते कराड असा माझा नेहमीचा प्रवास असल्यामुळे चार वर्षांत तिचे ४६,००० किलोमीटर झाले. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मीटरवरचा पिवळा इंजिन दिवा लागला, लिटरला ४२ पर्यंत मिळणारे अ‍ॅव्हरेज ३४ वर आले आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट असे बार येऊ लागले. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गाडी नेली, तेव्हा तेथील सल्लागाराने स्कॅनर लावून ‘ओ-टू सेन्सरचा कोड आहे, सेन्सर खराब झालाय, सफाई करावी लागेल’ असे निदान दोन मिनिटांत केले आणि ८५० रुपयांचे सफाईचे पॅकेज सुचवले. त्या पॅकेजचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण हेच पॅकेज थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी विकले जाते आणि माझी तक्रार त्या एका काउंटरपुरती नाही.

सेवा केंद्राबद्दल जे चांगले आहे ते आधी सांगतो. गाडी सांगितलेल्या वेळी मिळाली, चहा मिळाला, बिल छापील होते आणि काचेच्या पलीकडे चाललेले काम बघण्यास कोणी मज्जाव केला नाही. काम बघता आले, हेच पुढे माझ्या उपयोगी पडले. मेकॅनिकने बेंड पाइपवरील, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीवरील, सेन्सर साध्या पान्याने सोडवला, त्याच्या टोकावर कार्ब क्लीनरचा, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करण्याच्या रसायनाचा, फवारा मारला, तारेच्या ब्रशने घासून ते टोक चकचकीत केले आणि सेन्सर पुन्हा बसवला. त्यानंतर स्कॅनरवरून कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसला. दिवा विझला, मी समाधानाने पैसे दिले आणि नवव्या दिवशी उंब्रजच्या अलीकडे दिवा पुन्हा लागला.

त्या नऊ दिवसांचा उलगडा मला नंतर झाला. दिवा सफाईमुळे विझला नव्हता. कोड पुसल्यामुळे विझला होता. संगणकाने आपली तपासणी पुन्हा सुरू केली, तीच गडबड पुरेशा वेळा नोंदवली आणि दिवा परत लावला. सफाई न करता नुसता कोड पुसला असता, तरी नऊ दिवस तसेच समाधानात गेले असते.

या सेवेत नेमके काय खोटे आहे हे कळण्यासाठी हा सेन्सर काम कसे करतो ते पाहावे लागते. त्याच्या पोटात झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या पदार्थाची, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी असते. तिच्या आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा असते आणि बाहेरच्या बाजूला सायलेन्सरकडे जाणारा जळका वायू. दोन्ही पृष्ठभागांवर प्लॅटिनमचा अतिशय पातळ, सच्छिद्र थर असतो. इट्रिया (इट्रियम धातूचे ऑक्साइड) मिसळलेला झिर्कोनिया सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्याच्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सरकू लागतात, आणि नळीच्या दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत जास्त, तितका विद्युतदाब जास्त निर्माण होतो. हा हिशेब ज्या समीकरणाने मांडता येतो ते वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे आहे. म्हणजे हा सेन्सर एक लहानशी बॅटरीच आहे आणि तिचे इंधन म्हणजे आतल्या-बाहेरच्या ऑक्सिजनमधला फरक.

मिश्रणात पेट्रोल जास्त असेल, तर जळक्या वायूत ऑक्सिजन जवळपास उरत नाही, तफावत मोठी होते आणि सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. हवा जास्त असेल, तर ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास घसरतो. मधला ०.४५ व्होल्ट हा जणू उंबरठा आहे, आणि तो हळूहळू चढत-उतरत नाही, एकदम ओलांडला जातो. या उडीचे श्रेय प्लॅटिनमला जाते, कारण तो थर केवळ विजेच्या जोडणीसाठी नसतो. पृष्ठभागापाशी आलेला उरलासुरला ऑक्सिजन आणि न जळलेले वायू यांची तो तिथल्या तिथे प्रक्रिया घडवतो, त्यामुळे पेट्रोल किंचित जरी वरचढ झाले तरी ऑक्सिजन जवळपास शून्यावर येतो. ज्या भागाला हात लावू नये असा सेन्सरमधला भाग कोणता, असे विचारले तर तो हाच थर.

आता त्या तारेच्या ब्रशकडे परत येऊ. सेन्सरचे जे टोक आपल्याला दिसते ते मूळ घटक नव्हे. ते बारीक फटी असलेले धातूचे संरक्षक टोपण आहे आणि झिर्कोनिया त्याच्या आत असतो. ब्रशने टोपण चकचकीत होते, आतला घटक जसा होता तसाच राहतो. फवारा मात्र फटींतून आत जाऊ शकतो. पण आत जे खरोखर सेन्सर मारते ते फवाऱ्याने निघत नाही. सिलिकॉनची वाफ, इंजिन ऑइलमधील फॉस्फरस, कूलंटमधील सिलिकेट किंवा शिसे यांनी प्लॅटिनमची छिद्रे बुजवली, तर तो थर कायमचा आंधळा होतो. काळी काजळी तेवढी वेगळी, कारण ती खरोखर निघू शकते. परंतु मिश्रण ठीक झाल्यावर महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली की ती स्वतःच जळून जाते. म्हणजे सफाई आत पोचली नाही तर निरुपयोगी, आणि घासणारी वस्तू चुकून आत पोचलीच तर अपायकारक. या दोहोंच्या मधली, ८५० रुपयांना योग्य ठरेल अशी जागा मला सापडलेली नाही.

हा सेन्सर गाडीत मुळात का आला, हेही थोडक्यात सांगायला हवे. बॉशने १९७६ साली अमेरिकेसाठीच्या व्होल्वो मोटारींतून तो बाजारात आणला. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींना एकाच वेळी निकामी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फक्त एका अतिशय अरुंद पट्ट्यात, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या बाबतीत वजनाने १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास, नीट काम करतो. ते प्रमाण साधायचे तर सतत कोणीतरी मागे उभे राहून ‘कमी, जास्त, कमी, जास्त’ असे सांगावे लागते. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटरसायकलींवर हा सांगणारा मोठ्या प्रमाणात आला तो १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाल्यापासून. गाडीचा संगणक, ज्याला सगळे ईसीयू म्हणतात, सेन्सरचा आकडा पाहून इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ मिलीसेकंदाच्या अंशांनी कमी-जास्त करतो. इंजिन थंड असताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असताना तो सेन्सरचे ऐकत नाही, स्वतःच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. एकसारख्या वेगाने कराडकडे जाताना मात्र जवळजवळ सगळा वेळ सेन्सरचेच राज्य असते, आणि म्हणूनच त्याला चुकीचे दिसू लागले की पहिला फटका अ‍ॅव्हरेजला बसतो.

येथे एक विषयांतर करतो, कारण सध्या पेट्रोल पंपावरची प्रत्येक चर्चा तिथेच पोचते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० इंधनामुळे सेन्सर बिघडतो, असे मला त्या केंद्रात सांगण्यात आले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला जळण्यास हवा कमी लागते, त्यामुळे ई-२० साठीचे योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. परंतु सेन्सर इंधन कोणते आहे हे पाहतच नाही. जळल्यानंतर ऑक्सिजन उरला की नाही, एवढेच पाहतो. इंधन बदलले की तो ‘हवा जास्त आहे’ असे कळवतो आणि ईसीयू आपल्या मर्यादेत पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला जे जमत नव्हते तेच हा बिचारा करतो आहे, आणि दोषही त्यालाच मिळतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने अ‍ॅव्हरेज थोडे घटते हे खरे आहे, पण ४२ वरून ३४ ही घट त्याच्या माथी मारता येत नाही.

दिवा दुसऱ्यांदा लागल्यावर सेवा केंद्राने नवा सेन्सर बसवण्याचा सल्ला दिला आणि सुट्या भागाची किंमत ३,२०० रुपये सांगितली. सफाई निष्फळ ठरली म्हणून आता बदली, हा त्यांचा तर्क होता. सफाईचे पैसे त्यातून वळते होणार का, या प्रश्नाला हसून उत्तर मिळाले. मी गाडी बाहेर काढली आणि सहकाऱ्याने सुचवलेल्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये नेली. एक मिस्त्री, एक मदतनीस मुलगा आणि एक पत्र्याची शेड एवढाच त्याचा पसारा आहे. मिस्त्रींना जाहिरात नको आहे, आहे तेवढे काम पुरे आहे असे ते म्हणतात, म्हणून त्यांचेही नाव येथे देत नाही.

त्यांनीही प्रथम स्कॅनरच लावला. कोड तोच निघाला, पी-०१३१, म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये विद्युतदाब कमी. ‘साहेब, कोड सांगतो तक्रार कोणी केली. गुन्हा कोणी केला ते आपण हुडकायचं,’ असे म्हणून त्यांनी इंजिन गरम होऊ दिले आणि स्क्रीनवरचा सेन्सरचा आकडा मला दाखवला. तो ०.१ व्होल्टच्या जवळ चिकटून बसला होता. मग त्यांनी एअर फिल्टरच्या तोंडाशी क्लीनरचा अगदी मोजका फवारा दिला आणि आकडा झटक्यात ०.८ वर गेला, फवारा थांबताच पुन्हा खाली आला. मेलेला किंवा बुजलेला सेन्सर असा उडी मारत नाही. जे ज्वलनशील ते जास्त आले हे त्याने एका क्षणात ओळखले होते, याचा अर्थ तो शुद्धीवर होता आणि त्याला खरोखरच ऑक्सिजन दिसत होता. प्रश्न एवढाच उरला की तो ऑक्सिजन येत कुठून होता.

उत्तर बेंड पाइप जिथे इंजिनच्या हेडला मिळतो तिथे होते. मिस्त्रींनी इंजिन बंद करून सायलेन्सरच्या शेपटाकडून हलक्या दाबाने कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि जोडावर साबणाचे पाणी टाकले, तेव्हा खालच्या बाजूने बुडबुडे आले. त्याच ठिकाणी काजळीचा एक काळा पट्टा होता, जो मी धुताना अनेकदा पाहिला होता आणि चिखल समजून पुसला होता. काही महिन्यांपूर्वी गाडी पडल्यानंतर बेंड पाइप सरळ करण्यासाठी तो उतरवला गेला होता आणि बसवताना जुनेच पॅकिंग परत लावले गेले होते. एकदा दबलेले पॅकिंग दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

येथे कोणाच्याही मनात येईल ती शंका माझ्याही मनात आली: फुटलेल्या जोडातून वायू बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? एक सिलिंडरच्या इंजिनमध्ये जळका वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर ती हवा पाहतो आणि प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन उरला आहे, पेट्रोल कमी पडते आहे’ असे कळवतो. ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत जातो, आकडा तरी हलत नाही, म्हणून आणखी वाढवतो, आणि मर्यादा संपली की दिवा लावतो. अ‍ॅव्हरेज का घटले आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर पाइपात न जळलेले पेट्रोल त्या आयत्या हवेत भेटून बार का काढत होते, हे सगळे या एका फटीने समजावून दिले. यात सेन्सरचा दोष शून्य होता. नवा बसवला असता तर त्यानेही हेच सांगितले असते आणि ३,२०० रुपये अधिक गेले असते.

नवे पॅकिंग ६० रुपयांना पडले, मजुरी ४०० रुपये झाली. जोड बसवल्यावर त्याच स्क्रीनवर आकडा ०.१ ते ०.८ यांच्या दरम्यान नाचू लागला, आणि निरोगी सेन्सर असाच नाचत असतो, स्थिर बसलेला आकडा हीच काळजीची गोष्ट आहे, हे मला तेव्हा प्रथम समजले. पहिल्या दोन टाक्यांत अ‍ॅव्हरेज ३९ वर आले आणि पुढे ४१ वर स्थिरावले. ईसीयूने इतके दिवस चुकीच्या माहितीवर शिकलेली भरपाई विसरायला थोडे किलोमीटर जावे लागतात, असे मिस्त्रींनी आधीच बजावले होते.

मग या सेन्सरला देखभाल लागते का? माझ्या गाडीच्या पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्यात प्लग आहे, एअर फिल्टर आहे, व्हॉल्व्हची फट आहे. सेन्सरची सफाई कुठेही नाही, आणि आता ती तिथे का नाही हे मला कळते. काळजी घ्यायची ती त्याच्या शेजाऱ्यांची. इंजिन ऑइल पीत असेल तर ते आधी दुरुस्त करावे, कारण जळलेल्या ऑइलमधील फॉस्फरस हळूहळू प्लॅटिनम झाकत जातो. इंजिनचा कोणताही जोड बसवताना साधा सिलिकॉन सीलंट वापरू देऊ नये. डब्यावर सेन्सरला सुरक्षित असा उल्लेख नसेल तर दुसरा डबा मागावा. मिसफायर होत असलेली गाडी ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणून रेटू नये. कासकडून उतरून आल्या आल्या तापलेल्या बेंड पाइपवर वॉशिंग सेंटरचा पाण्याचा झोत मारू देणे हा तर सेन्सरवरचा उघड अत्याचार आहे, कारण आतला झिर्कोनिया चिनीमातीच्या कपासारखाच थंड पाण्याने तडकतो. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले नाही ना आणि कनेक्टरमध्ये हिरवट गंज आलेला नाही ना, एवढे वर्षातून एकदा पाहिले तरी पुरते.

कनेक्टरबाबत एक बारकावा मिस्त्रींनी सांगितला, जो मला अन्यथा कधीच सुचला नसता. सेन्सरला आतून लागणारी स्वच्छ हवा बऱ्याच सेन्सरांमध्ये वायरच्या तारांमधील सूक्ष्म पोकळीतून आत जाते. म्हणून कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे, गंज सोडवणारे तेल फवारणे किंवा तुटलेली वायर डाग देऊन जोडणे यामुळे ती वाट बंद होऊ शकते आणि ठणठणीत सेन्सर खोटे आकडे देऊ लागतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी प्रत्येक कनेक्टरला ग्रीस लावण्याची जी निष्ठापूर्वक पद्धत आहे, तिला हा एक अपवाद करावा लागेल.

सेन्सर कधीच बदलावा लागत नाही असे मात्र नाही. वयानुसार त्याचा प्रतिसाद मंदावतो, आणि हीटर नसलेला, केवळ जळक्या वायूवर तापणारा साधा सेन्सर हीटर असलेल्या चार वायरींच्या सेन्सरपेक्षा साधारणपणे लवकर थकतो. पी-०१३३ हा मंद प्रतिसादाचा कोड किंवा पी-०१३५ हा हीटरच्या सर्किटचा कोड आला, फवाऱ्याची परीक्षा तो नापास झाला आणि गळती व वायरिंग दोन्ही निर्दोष निघाले, तर बदलण्याला पर्याय नाही. त्या वेळी कंपनीच्या पार्ट नंबरचाच भाग घ्यावा. ऑनलाइन मिळणारे ‘सर्व गाड्यांना चालणारे’ सेन्सर मोहात पाडतात, परंतु मोटरसायकलींवर बहुधा १२ मिलिमीटरचा आटा असतो तर मोटारींवर १८ मिलिमीटरचा, आणि आटा जुळला तरी हीटरचा रोध वेगळा निघाला की दिवा पुन्हा लागतो. आफ्टरमार्केट सायलेन्सरवाले सेन्सर काढून त्या जागी जी ‘एलिमिनेटर’ नावाची रोधाची गुंडाळी देतात, तिच्याबद्दल एवढेच म्हणतो की ती ईसीयूचे डोळे बांधून त्याला वाट चालायला लावते.

सेवा केंद्राच्या सफाई पॅकेजला माझ्याकडून शून्य गुण, आणि तेथील चहाला पूर्ण. मिस्त्रींच्या तपासणीला पूर्ण गुण देताना त्यांच्या उणिवाही नोंदवतो: गाडी घेण्यासाठी तीन-चार दिवस थांबावे लागते, सोमवारी शेड बंद असते, बसायला एक तुटका बाक आहे आणि बिल मागितले तर वहीतला कागद फाडून मिळतो. तपासणीचे वेगळे पैसे ते घेत नाहीत, ते त्यांनी घ्यावेत असे मी त्यांना सांगितले आहे. गाडीचे आता ५३,००० किलोमीटर झाले आहेत. सेन्सर मूळचाच आहे, आणि त्याच्या टोपणावर ब्रशने घासल्याचे ओरखडे अजून दिसतात.